न्यूरो आणि सायकॅट्रीची उजळणी: पीजीच्या तयारीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या, इंटर्नशिपमधल्या आणि पीजी-नीटला, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, बसणाऱ्या मुलामुलींना मी बरीच वर्षं न्यूरो शिकवते आहे. दर वर्षी तेच प्रश्न येतात आणि विचारणाऱ्याच्या आवाजात तीच धास्ती असते. उत्तरं तोंडी देऊन झाली की पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

न्यूरोचं पुस्तक उघडलं की धडकी भरते. सुरुवात नेमकी कुठून करू?

आजारांच्या यादीपासून करू नका. कोणतीही केस समोर आली की तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. बिघाड कुठे आहे? तो किती वेळात झाला? आणि मग, कशामुळे झाला? बहुतेक मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि चार पर्यायांपैकी दोन सारखेच वाटायला लागतात.

'कुठे'साठी वरून खाली एकदा जिना उतरायचा: कॉर्टेक्स, इंटर्नल कॅप्सूल, ब्रेनस्टेम, स्पायनल कॉर्ड, अँटिरियर हॉर्न, रूट, नर्व्ह, न्यूरोमस्क्युलर जंक्शन, स्नायू. प्रत्येक पायरीवर थांबून बघायचं की रुग्णाची लक्षणं इथे बसतात का. 'किती वेळात' याचं उत्तर बहुधा कारणाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं. क्षणात झालं तर रक्तवाहिनी किंवा फिट, तासा-दिवसांत वाढत गेलं तर संसर्ग किंवा दाह, महिन्यांनी हळूहळू झालं तर गाठ किंवा झीज.

एक उदाहरण घ्या. सकाळी चहाचा कप हातातून पडला, उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं, पाय मात्र बऱ्यापैकी चालतो, सगळं कळतं पण शब्द फुटत नाही. हात आणि चेहरा पायापेक्षा जास्त गेला, त्यात भाषा गेली, म्हणजे डाव्या बाजूचा कॉर्टेक्स, मिडल सेरेब्रल आर्टरीचा प्रदेश. क्षणात झालं, म्हणजे स्ट्रोक. अजून एकही नाव पाठ केलेलं नाही आणि निम्मं उत्तर हातात आलं.

म्हणजे पहिल्या वर्षाची सगळी न्यूरोअॅनाटॉमी पुन्हा वाचायची?

नाही. तीन रस्ते आणि ते कुठे बाजू बदलतात एवढं पक्कं करा. कॉर्टिकोस्पायनल, म्हणजे ताकदीचा रस्ता, मेडुलाच्या खालच्या टोकाला ओलांडतो. डॉर्सल कॉलम, म्हणजे व्हायब्रेशनचा रस्ता, कॉर्डमध्ये त्याच बाजूने वर जातो आणि मेडुलात ओलांडतो. स्पायनोथॅलॅमिक, म्हणजे वेदना आणि तापमानाचा रस्ता, कॉर्डमध्ये शिरल्यावर एक-दोन सेगमेंटमध्येच पलीकडे जातो. हे तीन माहीत असले की ब्राउन-सेकार्ड पाठ करायची गरज उरत नाही. अर्धी कॉर्ड कापली तर ताकद आणि व्हायब्रेशन त्याच बाजूचं जाणार, वेदना आणि तापमान पलीकडचं. ते स्वतः कागदावर काढून बघा. छापील आकृतीवर पिवळा हायलायटर फिरवून हा भाग कुणाला आलेला मी पाहिलेला नाही. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने दहा वेळा काढणाऱ्याला आलेला पाहिला आहे.

ब्रेनस्टेमसाठी 'चारचा नियम' वापरा. मधोमध चार गोष्टी, सगळ्या इंग्रजी एम अक्षराच्या: मोटर पाथवे, मीडियल लेम्निस्कस, मीडियल लाँजिट्यूडिनल फॅसिक्युलस, मोटर न्यूक्लियस. कडेला चार, सगळ्या एस अक्षराच्या: स्पायनोसेरेबेलर, स्पायनोथॅलॅमिक, पाचव्या नर्व्हचा सेन्सरी न्यूक्लियस, सिम्पथेटिक. नर्व्हही चार-चारच्या गटात: ९ ते १२ मेडुलात, ५ ते ८ पॉन्समध्ये, पहिल्या चार त्याच्या वर. मधोमध असलेले मोटर न्यूक्लियस कोणते? बाराला नि:शेष भाग देणारे: ३, ४, ६ आणि १२.

आता लावून बघा. उजवा डोळा बाहेर वळत नाही, डावा हात-पाय गळाला. सहावी नर्व्ह म्हणजे पॉन्स, सहावी आणि मोटर पाथवे दोन्ही मधल्या यादीतले. उजव्या पॉन्सचा मधला भाग. दुसरं: गिळताना ठसका, आवाज घोगरा, उजव्या चेहऱ्याची आणि डाव्या अंगाची वेदना गेलेली, उजवी पापणी किंचित खाली आणि बाहुली बारीक, तोल जातो, ताकद मात्र शाबूत. नवव्या-दहाव्या नर्व्हमुळे मेडुला ठरला, बाकी सगळी कडेची यादी. हाच लॅटरल मेडुलरी, म्हणजे वॉलेनबर्ग.

अप्पर आणि लोअर मोटर न्यूरॉनचा तक्ता पाठ आहे, तरी चुकतं. का?

कारण परीक्षक तक्त्याबाहेरचं विचारतो. कॉर्डला अचानक इजा झाली की पहिले काही दिवस स्पायनल शॉक असतो. बिघाड अप्पर मोटर न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूकडून कॉर्डमध्ये उतरणाऱ्या रस्त्याचा, तिथे पाय कडक आणि रिफ्लेक्स वाढलेले हवेत, पण पाय लुळे आणि रिफ्लेक्स गायब.

दुसरी आवडती जागा म्हणजे घोट्याचा रिफ्लेक्स नाही (लोअरची खूण) आणि प्लांटर मात्र वर, म्हणजे तळवा खरवडला की अंगठा वर जातो (अप्परची खूण). एकाच पायात दोन विरुद्ध खुणा. इथे बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारी सबअॅक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन, फ्रीड्रिक अॅटॅक्सिया, मोटर न्यूरॉन डिसीज, कोनस-कॉडाचा बिघाड ही नावं ओठांवर हवीत. पूर्ण शाकाहारी माणूस, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, पायाला मुंग्या, अशी केस आपल्या ओपीडीत सहज भेटते. नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि कॉर्ड बिघडत राहते, हा त्यावरचा ठरलेला एमसीक्यू.

स्ट्रोकमधले कोणते आकडे पाठच हवेत?

साडेचार तास: शिरेतून थ्रोम्बोलायसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, देण्याची मुदत, आणि ती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजायची. झोपेतून लकवा घेऊनच उठला तर रात्री झोपताना ठीक होता ती वेळ धरायची. या एका वाक्यावर कितीतरी प्रश्न बेतलेले असतात. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम, त्यातला दहावा हिस्सा बोलस आणि उरलेला तासाभरात. देण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली हवा. थ्रोम्बोलायसिस द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंतच्या दाबाला सहसा हात लावायचा नाही. निवडक रुग्णांत थ्रोम्बेक्टमी (गुठळी ओढून काढणं) २४ तासांपर्यंत. पहिली तपासणी साधा सीटी, आणि त्याच वेळी बोटातून साखर, कारण साखर उतरली तरी एक बाजू गळू शकते.

फिट्सचा धडा कसा आवरू?

थोडक्यात आवरतो. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट म्हणजे स्टेटस एपिलेप्टिकस. आधी बेंझोडायझेपिन, लोराझेपाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी कमाल ४ मिलिग्रॅम. वर्गात टक लावून बसणारं मूल, ईईजीत तीन हर्ट्झचे स्पाइक-वेव्ह: अॅब्सेन्स, औषध इथोसक्सिमाइड. सकाळी हातातला डबा उडतो, तरुण वय: जुव्हेनाइल मायोक्लॉनिक. तिथे व्हॅल्प्रोएट उत्तम चालतं, पण गर्भधारणेच्या वयातल्या मुलीला ते लिहून देण्याआधी दहा वेळा विचार करा. परीक्षेतही आणि खऱ्या ओपीडीतही. आपल्याकडे प्रौढ माणसाला पहिल्यांदा फिट आली आणि सीटीत आत ठिपका असलेलं कडं दिसलं, तर न्यूरोसिस्टिसर्कोसिस आधी आठवायचा.

परदेशी क्वेश्चन बँक सोडवली तर आपल्याकडचे विषय सुटतात का?

सुटतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दलच.

मण्यारीचा दंश घ्या. मी इंटर्न असताना पहाटे एका नऊ वर्षांच्या मुलीला पोटात दुखतं म्हणून आणलं. ताप नाही, सूज नाही, कुठे जखम नाही. मी अँटासिड लिहून दिलं. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हिच्या पापण्या बघा." मुलगी झोपाळलेली नव्हती. पापण्या उचलायला तिच्यात बळच नव्हतं. "रात्री कुठे झोपली होतीस बाळा?" "खाली." शेणाने सारवलेली जमीन, पावसाळ्याचे दिवस. पुढच्या दोन तासांत तिची मान धरेना, मग श्वास. व्हेंटिलेटरवर बरेच दिवस काढून ती घरी गेली. त्या सिस्टरमुळे गेली. तेव्हापासून पहाटेचं पोटदुखीचं मूल दिसलं की मी आधी पापण्या बघते.

आता हेच परीक्षेच्या भाषेत. मण्यारीचं विष मुख्यतः प्रीसिनॅप्टिक, नर्व्हच्या टोकाचंच नुकसान करतं, म्हणून निओस्टिग्मिनचा उपयोग फारसा होत नाही. नागाचं पोस्टसिनॅप्टिक, तिथे अॅट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन दिलं की पापण्या उघडताना डोळ्यांदेखत दिसतात. नागाच्या दंशाला सूज आणि वेदना असते. मण्यारीच्या दंशाची खूणही बहुधा सापडत नाही. आपलं पॉलिव्हॅलंट अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. आणि मोठं झाल्यावरही विसरू नका असं एक: या रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर असू शकतात, हातपाय पूर्ण लुळे, तरी मेंदू जागा असतो. त्याला ब्रेन डेड म्हणायची घाई जीवघेणी ठरते.

दुसरा विषय गियाँ-बारे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात दोनशेच्या आसपास संशयित रुग्ण निघाले, दूषित पाण्याकडे बोट गेलं आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला. पुस्तकातली 'जुलाबानंतर पायांपासून वर चढणारा लकवा' ही ओळ आपल्या गल्लीत उतरली. लक्षात ठेवायचं ते असं: रिफ्लेक्स जातात, सीएसएफमध्ये, म्हणजे पाठीतून काढलेल्या पाण्यात, प्रोटीन वाढतं आणि पेशी वाढत नाहीत, पण पहिल्या आठवड्यात सीएसएफ नॉर्मल येऊ शकतो. उपचार आयव्हीआयजी किंवा प्लाझ्माफेरेसिस. स्टिरॉइड नाही. मुलं इथे हटकून चुकतात, कारण जुनाट प्रकारात, सीआयडीपीमध्ये, स्टिरॉइड चालतं. वॉर्डात या रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला सांगा. काल तिशीपर्यंत जाणारा माणूस आज बारावर थांबला तर ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट बघू नका, आयसीयूला कळवा.

ट्यूबरक्युलर मेनिंजायटिस, जपानी एन्सेफलायटिसमधला थॅलॅमस, धनुर्वात, रेबीज यांनाही वेळ द्या. विदर्भातल्या मुलांना लाखोळीची डाळ सांगावी लागत नाही. तिचा अतिरेक आणि तरुण पुरुषाचे कडक झालेले पाय, म्हणजे लॅथिरिझम. आणि एक नाव अभिमानाने सांगते: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया. अॅटॅक्सियासोबत डोळ्यांची हालचाल संथ होणारा आनुवंशिक आजार त्यांनी १९७१ मध्ये मांडला, तोच आज एससीए-२ म्हणून ओळखला जातो. 'स्लो सॅकेड्स' दिसलं की हे उत्तर.

मायस्थेनिया आणि लॅम्बर्ट-ईटन कायम उलटसुलट होतात.

दोन्ही न्यूरोमस्क्युलर जंक्शनचे आजार. मायस्थेनियाचा रुग्ण संध्याकाळी थकतो, डोळे आधी जातात, छातीत थायमस बघा. लॅम्बर्ट-ईटनमध्ये हालचाल करत राहिलं की जरा बळ येतं, मांड्या आधी जातात, तोंड कोरडं, छातीत फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर शोधा.

सायकॅट्री शेवटच्या आठवड्यावर ठेवली तर चालेल?

बहुतेक जण ठेवतात, कारण एमबीबीएसला तिचा स्वतंत्र पेपर नाही, ती मेडिसिनमध्ये येते. माझं मत विचाराल तर कमी वेळात हमखास गुण देणारा हा विषय मागे टाकणं म्हणजे हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागणं आहे. पाया कालावधीचा आहे. नैराश्य दोन आठवडे, मॅनिया एक आठवडा, हायपोमॅनिया चार दिवस. सायकोसिस महिन्याच्या आत संपला तर ब्रीफ, एक ते सहा महिने स्किझोफ्रेनिफॉर्म, सहाच्या पुढे स्किझोफ्रेनिया. हे डीएसएमचं, म्हणजे अमेरिकन निकषांचं, गणित. आयसीडीत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत, स्किझोफ्रेनियाला एक महिना पुरतो, म्हणून प्रश्नात कुणाचे निकष विचारलेत ते आधी वाचा. आघातानंतर तीन दिवस ते एक महिना अॅक्यूट स्ट्रेस, त्यापुढे पीटीएसडी. जनरलाइज्ड अँग्झायटी सहा महिने.

पण नुसत्या कालावधीवर थांबू नका. माणूस कसा बोलतो ते ऐका. अॅबस्ट्रॅक्ट विचार तपासताना इंग्रजी म्हण विचारून उपयोग नसतो. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणजे काय हो काका?" असं विचारलं की एक जण म्हणतो, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणं. दुसरा म्हणतो, "मग अंगण सारखं करून घ्यायचं." ते दुसरं उत्तर एकदा कानांनी ऐकलं की काँक्रीट थिंकिंगची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मानसिक आहे की शारीरिक, हे कसं ओळखायचं?

अवधान तपासा. रुग्णाला वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री सत्तरीच्या आजी भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडताहेत, दुपारी नातवाशी नीट बोलत होत्या, आता 'शुक्रवार' नंतर गाडी अडते. हे वेड नाही, स्मृतिभ्रंशही नाही. चढउतार आणि हरवलेलं अवधान म्हणजे डेलिरियम. लघवी, सोडियम, ऑक्सिजन, औषधांचा कागद तपासायला घ्या. दृष्टीचे भास असले की शारीरिक कारण आधी शोधायचं. पुरुष रुग्ण भरती होऊन दोन-तीन दिवस झालेत, हात थरथरतात, घाम, भास: दारू कधी सुटली ते विचारा. ग्लुकोजच्या आधी थायमिन, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रेझिस्टंट टीबीवर असलेल्या रुग्णाचं वागणं अचानक बदललं तर यादीत सायक्लोसेरिन आहे का बघा.

औषधांचे दुष्परिणाम डोक्यात राहत नाहीत.

जोडीने वाचा. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम (अँटिसायकोटिकमुळे) आणि सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांमुळे), दोन्हींत ताप आणि गोंधळ. पहिला दिवसांत वाढतो, अंग शिशाच्या नळीसारखं ताठ, रिफ्लेक्स मंद. दुसरा तासांत येतो, रिफ्लेक्स उसळतात, घोटा झटक्यात वर दाबला की क्लोनस, जुलाब. पहिल्यात डँट्रोलीन, ब्रोमोक्रिप्टीन, दुसऱ्यात सायप्रोहेप्टाडीन. दोन्हीत कारणीभूत औषध आधी बंद.

लिथियमची पातळी १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. थायझाइड, वेदनाशामक एनएसएआयडी आणि एसीई इनहिबिटर ती वाढवतात. मे महिन्यात उन्हात राबणारा आणि जुलाब झालेला रुग्णही याच वाटेने जातो. क्लोझापीनला न्यूट्रोफिल मोजा. अँटिसायकोटिक दिल्यावर तासा-दिवसांत मान वाकडी झाली तर डिस्टोनिया, पाय एका जागी ठरत नसतील तर अॅकॅथिसिया, महिन्या-वर्षांनी तोंड चघळत राहिलं तर टार्डिव्ह डिस्किनेसिया.

कायद्याचं किती वाचायचं?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१८ पासून लागू. कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि सरकारने तिची काळजी घ्यायची. कलम ९५: भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी (विजेचा झटका देऊन उपचार) नाही, साखळीने बांधणं नाही. अल्पवयीन रुग्णाला ईसीटी पालकाच्या संमतीने आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीनेच. आपत्कालीन उपचार ७२ तासांपर्यंत. आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी या दोन कल्पना नीट समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे दंड संहितेच्या ३०९ कलमाचे (आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा) जुने प्रश्न सोडवताना जपून.

परीक्षेच्या दिवशी वेळ कसा पुरवायचा?

२०२४ पासून पीजी-नीटमध्ये २०० प्रश्न पाच भागांत विभागलेले असतात, ४० प्रश्नांना ४२ मिनिटं, आणि भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. न्यूरोच्या केसेस लांबलचक. शेवटची ओळ आधी वाचा, मग वरून वय, कालावधी आणि बाजू उचला. बरोबरला चार गुण आणि चुकीला एक वजा, त्यामुळे दोन पर्यायांवर आलात तर मी म्हणेन उत्तर द्या.

अमेरिकेची परीक्षा द्यायची असेल तर?

यूएसएमएलई या तिथल्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप १ चा, निकाल २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास की नापास असा लागतो. तिथे गर्भावस्थेतली मज्जासंस्था, रिसेप्टर, आयन चॅनेल यांना जास्त जागा. मेंदूच्या दोन्ही बाजूंचे मीडियल टेम्पोरल भाग १९५३ मध्ये काढले गेलेला एच. एम. नावाने ओळखला जाणारा रुग्ण नव्या आठवणी साठवू शकत नव्हता, पण आरशात बघून रेघ काढायचं कौशल्य शिकत गेला; स्मृतीचे प्रकार समजायला त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. लोकेशन शोधण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे तीच.

सायकॅट्री वाचताना ती लक्षणं माझ्यातच दिसायला लागली. हे सगळ्यांना होतं का?

वाचताना आपल्यात खुणा शोधणं पुष्कळांना होतं आणि धडा संपला की जातं. पण दोन आठवडे झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, मित्रांचे फोन उचलावेसे वाटत नाहीत, 'नसलो तर बरं' असं मनात येतं, असं असेल तर ते वाचनामुळे म्हणून सोडून देऊ नका. वर नैराश्याचे निकष लिहिलेत, ते तुम्हालाही लागू आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात जा. रूममेट चार दिवस मेसला आला नसेल तर त्याच्या दारावर तुम्ही थाप मारा. ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण सराव परीक्षा, पुढच्या रविवारीही असते.